परीक्षा देणे हीही एक विद्याच

दरसाल पौष महिन्यात आमच्या टेबलावर पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडतात, आणि ते तपासता तपासता एक गोष्ट आमच्या मनास सारखी बोचत राहते. ती गोष्ट ह्या वार्षिक अंकाच्या निमित्ताने विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावी, असे आम्ही योजिले आहे.

गेल्या खेपेस बीजगणिताच्या गठ्ठ्यात एका मुलीची उत्तरपत्रिका होती. फळ्यापुढे उभी केली असता ही मुलगी वर्गसमीकरण न अडखळता सोडवी. उत्तरपत्रिकेत मात्र तिने एकाच उदाहरणावर अडीच पाने खर्चिली होती. उत्तर जुळेना म्हणून तेच उदाहरण तीन वेळा खोडून पुन्हा मांडले होते. शेवटचे दोन प्रश्न कोरे! त्यांतील एक उदाहरण तर तिने आठच दिवसांपूर्वी आमच्यादेखत फळ्यावर सोडविले होते. आम्ही तिला बोलावून विचारले, "अगं, हे उदाहरण तुला येत होते ना?" ती खाली मान घालून म्हणाली, "येत होते, सर. पण ते पेपरात आहे हे मला घंटा झाल्यावर कळले."

हा दोष त्या मुलीचा काय? आम्ही बराच वेळ विचार केला, आणि दोष आमच्याच पदरी येतो असे आढळून आले. उदाहरण कसे सोडवावे हे आम्ही तिला शिकविले होते. प्रश्नपत्रिका कशी सोडवावी हे कोणीच शिकविले नव्हते. ते मुलांस आपोआप येते, असा आम्हां शिक्षकांचा एक जुना समज आहे. हा समज खोटा आहे, आणि त्याची किंमत आपल्यासारख्या गावची मुले मोजीत आहेत, एवढेच आम्हांस ह्या लेखात सांगावयाचे आहे.

आमचे बहुतेक विद्यार्थी शेतकऱ्यांच्या घरचे आहेत. यास्तव शेतातलाच दाखला देतो. पीक शिवारात डोलू लागले म्हणजे ते घरात आले असे कोणी समजत नाही. कापणी आहे, मळणी आहे, उफणणी आहे. ही कामे वेळच्या वेळी व हातोटीने झाली तरच दाणा कणगीत पडतो. वर्षभराचा अभ्यास हे उभे पीक होय, आणि परीक्षेचे दोन-तीन तास हे खळे होय. ज्याने पेरलेच नाही त्यास खळ्यावर काही मिळणार नाही, हे उघड आहे. परंतु ज्याने पेरले, निंदले, राखण केली, त्याचे धान्य केवळ उफणता येत नाही म्हणून भुशात जावे, हे पाहून कोणास हळहळ वाटणार नाही?

आता कोणी विचारतील, शहरातील मुलांस हे कोण शिकविते? त्याचे उत्तर असे की, त्यांस ते धडा म्हणून शिकावेच लागत नाही. ज्याचा बाप वकील आहे किंवा आई शिक्षिका आहे, त्यास हे शहाणपण जेवता जेवता मिळते. "पेपर हाती पडला की आधी सगळा वाच," "अडलास तर पुढे जा," अशी वाक्ये थोरल्या भावाच्या व मामाच्या तोंडून त्याच्या कानावर पडलेली असतात. शिवाय पैसे मोजून शिकवणीचे वर्ग आहेतच. फुलंब्रीच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी. त्याचे वडील मका व आले पिकवितात, आई कापूस वेचावयास जाते, आणि दहावीच्या परीक्षेस बसणारे घरातील पहिले माणूस तोच असतो. जमिनीस वापसा आला की नाही हे मूठभर माती हाती घेऊन सांगणाऱ्या त्या बापास परीक्षेच्या दालनातले काय सांगता येणार? ह्यात त्याचा काही कमीपणा नाही. तो त्या दालनात कधी बसलाच नाही.

ह्या स्थितीस आपल्या मुलखाचा इतिहासही काही अंशी कारण आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले व त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे तिच्यातून उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत होते. तेव्हापासून त्या प्रांतातील कित्येक घरांत आजोबा, बाप व नातू अशा पिढ्यान् पिढ्या परीक्षेस बसत आल्या. आपला मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले, परंतु त्याचे माध्यम उर्दू. मराठी घरातील मुलास विषयाच्या आधी भाषेची नदी ओलांडावी लागे. मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ लाभले ते १९५८ साली, म्हणजे मुंबईनंतर तब्बल एकशे एक वर्षांनी. घरोघर परीक्षेची जाण मुरण्यास जो काळ लागतो, तो आपणांस मिळालाच नाही. सबब, जे घरी मिळत नाही ते शाळेने दिले पाहिजे.

ही विद्या म्हणजे काही गूढ मंत्र नव्हे. तिचे दोन भाग आहेत. एक परीक्षेपूर्वीचा व दुसरा प्रत्यक्ष परीक्षेतला.

पूर्वीच्या भागातील मुख्य गोष्ट अशी की, पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणे म्हणजे परीक्षेची तयारी नव्हे. धडा चौथ्यांदा वाचताना तो ओळखीचा वाटतो, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असा मुलांचा ग्रह होतो. अमेरिकेतील हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिके ह्या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली ह्याविषयी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसऱ्यांनी तो एकदा वाचला व मग पुस्तक मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने विचारले तेव्हा त्यांस शेकडा ४२ इतकाच मजकूर आठवला, आणि लिहून काढणाऱ्यांस शेकडा ५६. ह्यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. धडा वाचावा, पुस्तक मिटावे, आणि कोऱ्या पाटीवर किंवा रद्दी कागदावर आठवून लिहावे. जे आठवले नाही तेवढेच पुन्हा वाचावे. ह्याला पैसा लागत नाही, शहरात जावे लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडविणे. पोहणे विहिरीच्या काठावर बसून येत नाही. पाण्यात उतरावे लागते.

आता प्रत्यक्ष दालनातील भाग पाहू. पूर्वी बोर्डाच्या परीक्षेत नियोजित वेळेच्या दहा मिनिटे आधी प्रश्नपत्रिका वाचावयास मिळत असे. प्रश्न बाहेर फुटतात म्हणून २०२३ पासून बोर्डाने ती प्रथा बंद केली व त्याऐवजी शेवटी दहा मिनिटे वाढवून दिली. हिशेबाने पाहता मुलांचे काहीच गेले नाही. पण व्यवहारात बरेच गेले. पूर्वी लिहिण्यास मनाई असल्यामुळे मूल नाइलाजाने का होईना, पेपर वाची. आता पेपर व उत्तरपत्रिका दोन्ही हाती असतात, शेजारच्याचे पेन चालू झालेले ऐकू येते, आणि हात आपोआप धावू लागतो. शेवटची ती दहा मिनिटे आरंभी वाचण्यास खर्चावी, हे आता मुलास कोणीतरी मुद्दाम सांगितले पाहिजे. आमच्या त्या विद्यार्थिनीस हे कोणी सांगितले असते तर तिचे दोन प्रश्न कोरे राहिले नसते.

वेळेचा हिशेबही शिकविला पाहिजे. बीजगणिताची लेखी परीक्षा ४० गुणांची व दोन तासांची. वाढीव दहा मिनिटे धरून १३० मिनिटे होतात. त्यांतील दहा मिनिटे आरंभीच्या वाचनास व दहा शेवटच्या तपासणीस राखली, तर ११० मिनिटे उरतात. म्हणजे एका गुणास पावणेतीन मिनिटे. चार गुणांच्या उदाहरणास अकरा मिनिटे मिळतात. अकरा मिनिटे झाली व उत्तर निघाले नाही, तर तेथे जागा सोडून पुढे जावे. ही शरणागती नव्हे. फिरून येण्यासाठी सोडलेली ती जागा आहे. हे त्रैराशिक आमच्या पाचवीच्या मुलासही करता येते; पण ते आपल्या पेपरास लावावयाचे असते, हे दहावीच्या मुलासही ठाऊक नसते!

आणखी काही लहान गोष्टी आहेत. जे उत्तम येते ते आधी लिहावे. त्याने मन स्थिरावते. प्रश्नाचा क्रमांक व पोटक्रमांक न चुकता घालावा, नाहीतर परीक्षक बिचारा शोधीत बसतो. "कारणे द्या" असे विचारले असता व्याख्या लिहू नये, आणि "फरक स्पष्ट करा" असे विचारले असता एकाच बाजूचे वर्णन करू नये. प्रश्नातील क्रियापदाखाली रेघ ओढण्याची सवय लावली की ही चूक टळते. गणितात रीतीच्या पायऱ्यांसही गुण असतात. शेवटचे उत्तर चुकले तरी केलेली रीत खोडून टाकू नये. दहावीच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहीत. म्हणून प्रयत्न केल्यावाचून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. पर्यायी प्रश्नांत "पहिले सुचलेले उत्तर बदलू नये" असा एक लोकप्रवाद आहे, त्यासही फारसा आधार नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १५६१ उत्तरपत्रिकांवरील खाडाखोड तपासण्यात आली. बदललेल्या उत्तरांपैकी शेकडा ५१ चुकीची होती ती बरोबर झाली. बरोबर होती ती चुकली अशी शेकडा २५ च निघाली. नुसत्या भीतीने उत्तर बदलू नये हे खरे. पण पुन्हा वाचता कारण सापडले तर खुशाल बदलावे.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो आदरपूर्वक ऐकण्याजोगा आहे. काही वडीलधारी मंडळी म्हणतील, "हे तर मुलांस गुणांची शिकार शिकविणे झाले. विद्या बाजूस राहिली आणि युक्त्या पुढे आल्या." ह्या भयास आधार नाही असे आम्ही म्हणत नाही. आपल्याच मराठवाड्यातील लातूरचे उदाहरण घ्या. तेथील राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली सुरू झाले. पुढे ज्या अध्यापनपद्धतीस "लातूर पॅटर्न" हे नाव पडले व जिच्याशी प्राचार्य जनार्दन वाघमारे यांचे नाव जोडले जाते, तिचा गाभा जादा तास आणि बोर्डाच्या धर्तीवर पुनःपुन्हा घेतलेल्या सराव-परीक्षा हाच होता. १९९० नंतरच्या दशकात लातूरच्या मुलांची नावे बोर्डाच्या गुणवत्ता यादीत सारखी झळकू लागली. मागास म्हणून हिणविलेल्या भागातील मुले पुण्या-मुंबईच्या मुलांच्या खांद्यास खांदा लावून उभी राहिली, हे त्या पद्धतीचे मोठे श्रेय आहे. परंतु यशामागोमाग बाजारही आला. खाजगी शिकवण्यांचे पेव फुटले, पाठांतरास अवास्तव महत्त्व आले, आणि ज्यास फी देता येत नाही तो पुन्हा मागेच राहिला.

आमच्या मते, ह्यावरून दोन गोष्टी शिकाव्या. पहिली अशी की सरावाने खेड्यातील मूल वर येते, हे सिद्ध झाले आहे. दुसरी अशी की ही विद्या शाळेने फुकट व सर्वांस दिली नाही तर ती बाजारात विकली जाते. युक्ती आणि विद्या ह्यांचे वैरही आम्हांस मान्य नाही. आपले म्हणणे नेमके समजून घेणे, ठरल्या वेळात सुसंगत मांडणे, आणि स्वतःची चूक स्वतः शोधणे, हीच तर सुशिक्षित माणसाची लक्षणे आहेत. पुढे तलाठ्याकडे अर्ज करताना, बँकेचा कागद वाचताना, किंवा न्यायालयात साक्ष देताना ती उपयोगी पडणार नाहीत काय?

तथापि गुण म्हणजे माणसाचे मोल नव्हे, हेही ह्याच विद्येचा भाग म्हणून मुलांस सांगितले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले तेव्हा त्यांस ७५० पैकी २८२ गुण होते. पुढे त्यांनी न्यूयॉर्क व लंडन येथील विद्यापीठांच्या सर्वोच्च पदव्या मिळविल्या, आणि १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत जे महाविद्यालय काढिले तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. परीक्षा हा एक दरवाजा आहे. तो उघडण्याची रीत अवश्य शिकावी. पण एकदा उघडला नाही म्हणून घराबाहेर रडत बसण्याचे कारण नाही. २०१५ पासून तर अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांस निकालानंतर थोड्याच काळात पुरवणी परीक्षेची सोयही झाली आहे.

आता एका अप्रिय विषयाकडे वळणे भाग आहे. आपल्या मराठवाड्यात परीक्षेच्या दिवसांत खिडक्यांशी जी गर्दी दिसते, तिच्याबद्दल लाज वाटल्यावाचून राहत नाही. परीक्षांतील गैरप्रकारांस प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्रात १९८२ साली झाला. नांदेड जिल्ह्यात २०१० साली जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम नेटाने चालविली व पुढे तिचा कित्ता अन्यत्रही गिरविण्यात आला. असे बंदोबस्त हवेतच. परंतु नुसत्या पहाऱ्याने चोरी थांबत नाही. घरात धान्य असावे लागते. आम्ही पर्यवेक्षक म्हणून उभे असताना चिठ्ठीसह सापडलेली कित्येक मुले पाहिली आहेत. त्यांतील निर्ढावलेली थोडी, आणि भेदरलेली फार. "मला काहीच आठवणार नाही," ह्या भीतीने त्यांनी चिठ्ठी लिहिलेली असते. मौज अशी की ती चिठ्ठी बारीक अक्षरात लिहिताना त्यांतील निम्मा मजकूर त्यांस पाठही झालेला असतो! कसे आठवावे, अडल्यास काय करावे, वेळ कसा वाटावा, हे ज्यास कोणी शिकविले नाही, त्याच्या हाती कोणीतरी चिठ्ठी देतोच. प्रामाणिकपणाचा उपदेश करणाऱ्या शाळेने प्रामाणिकपणे उत्तीर्ण होण्याची वाटही दाखविली पाहिजे. नाहीतर तो उपदेश पोकळ ठरतो.

तर करावे काय? आमची सूचना मोठ्या खर्चाची नाही. दिवाळीची सुटी संपल्यापासून नववी व दहावीच्या वर्गांस आठवड्यातून एक तास ह्या कामी नेमावा. त्या तासात नवा धडा शिकवू नये. एका आठवड्यास केवळ प्रश्नपत्रिका वाचून वेळेची वाटणी करावयास लावावी. दुसऱ्या आठवड्यास एकच प्रश्न घड्याळ लावून सोडवावा. तिसऱ्या आठवड्यास मुलांनी एकमेकांची उत्तरे परीक्षक होऊन तपासावी. हा तिसरा प्रकार विशेष गुणकारी आहे. दुसऱ्याचे गिचमिड उत्तर तपासताना जे समजते ते शंभर वेळा सांगूनही समजत नाही. आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका गठ्ठ्यात बांधून न ठेवता प्रत्येक मुलास परत द्याव्या, त्याच्याजवळ बसून "तुला येत होते ते कोठे सांडले" हे दाखवावे. गुणांचा आकडा त्याला रडवितो. सांडलेले दाखविले तर तो वेचावयास लागतो.

पालकहो, तुमच्याकडेही आमचे मागणे आहे. तुम्हांस बीजगणित येत नाही म्हणून संकोच मानू नका. फेब्रुवारी-मार्चात गहू-हरभऱ्याची काढणी व मुलांची परीक्षा एकदमच येतात, हे आम्ही जाणतो. तरी तेवढे दिवस मुलास, आणि विशेषतः मुलीस, शेतातल्या व घरातल्या कामातून मोकळे ठेवा. मुलगा अभ्यासास बसतो आणि मुलगी भाकरी थापून मग पुस्तक उघडते, हा अन्याय अजून पुष्कळ घरांत चालतो. परीक्षेच्या आदल्या रात्री मूल पुरेसे झोपेल असे पाहा. वाचलेले झोपेत पक्के होते. पेपर देऊन आलेल्या मुलास "किती पडतील?" असे दारातच विचारू नका. आधी पाणी द्या. संध्याकाळी पुस्तक मिटून त्याला म्हणा, "आज काय शिकलास ते मला सांग." तुम्हांस ते समजले नाही तरी चालेल, सांगता सांगता त्याचे त्यालाच समजेल.

विद्यार्थिमित्रहो, अखेर तुम्हांस दोन शब्द. परीक्षेच्या पेपरास भिऊ नका, आणि त्याला फसविण्याचाही विचार करू नका. तो हाती पडताच पेन खाली ठेवा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि मग आपल्या हिशेबाने चाला. जी मुलगी घंटा झाल्यावर आपले उदाहरण पाहून रडली, तिने त्यानंतरच्या दोन महिन्यांत दर रविवारी एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडविली. बोर्डाच्या परीक्षेनंतर ती आम्हांस भेटली तेव्हा, किती गुण पडतील हे तिने सांगितले नाही व आम्हीही विचारले नाही. ती एवढेच म्हणाली, "सर, ह्या वेळी सगळा पेपर पाहिला. काही राहिले नाही." आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास परीक्षेच्या दालनातून बाहेर पडताना असेच म्हणता यावे, अशी आमची इच्छा आहे.